जळगाव ते मुंबई : अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि घरी पोचायला किती?

आमच्या नात्यागोत्यात तिकिटं काढायचं खातं माझ्याकडे आहे. रेल्वेचं असो की विमानाचं, फोन मलाच येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भो, मुंबईले विमानानं किती वेळ लागतो?" उत्तर एका वाक्यात देता येतं. पण ते दिलं की मागून दहा प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे पहिल्यापेक्षा महत्त्वाचे असतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलं आहे. आता फोन आला की ही लिंक पाठवतो.

जळगाव ते मुंबई विमानाने अंतर किती?

जळगाव विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे ३५५ किलोमीटर.

मग रेल्वेच्या तिकिटावर ४२० आणि गाडीच्या मीटरवर सव्वाचारशे कसे येतात?

कारण तिन्ही वाटा वेगळ्या आहेत. रेल्वेने जळगाव ते सीएसएमटी ४२० किलोमीटर. रस्त्याने एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट असं गेलं की ४१५ ते ४२५, मुंबईत कुठे उतरायचं त्यावर. विमानाचे ३५५ म्हणजे नकाशावर फूटपट्टी ठेवून मारलेली रेघ.

ही रेघ एकदा खरंच मारून बघा, गंमत वाटेल. ती कुसुंब्याहून, म्हणजे आपल्या विमानतळापासून निघते, पाचोऱ्याच्या जरा वरून जाते, चाळीसगावच्या अगदी जवळून पुढे सरकते, मग मनमाड आणि येवला यांच्यामधून निसटते. म्हणजे मनमाडपर्यंत ती जवळजवळ आपल्या रेल्वेच्याच अंगाने चालते. फाटाफूट होते ती त्यानंतर. रेल्वे नाशिककडे वळते, रेघ मात्र सिन्नरवरून थेट कळसूबाईच्या शेजारून कोकणात उतरते. थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, रेल्वे १८६५ साली सुरू झाली. त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगर, नद्या सांभाळून जी वाट काढली, ती सरळ रेषेपेक्षा फक्त पासष्ट किलोमीटरने लांब पडली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुण्याच्या प्रश्नात कामाला येईल.

हे ३५५ घरी काढता येतात का?

येतात, आणि दहावीच्या पोराला सुट्टीत द्यायला छान उदाहरण आहे. जळगाव विमानतळ साधारण २०.९६ अंश उत्तर आणि ७५.६३ अंश पूर्व. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व. अक्षांशातला फरक १.८७ अंश, रेखांशातला २.७६.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, कुठेही जा. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर सगळ्यात रुंद असतो आणि ध्रुवाकडे आवळत जातो. आपल्याकडे, म्हणजे वीस अंशांच्या आसपास, तो साधारण १०४.५ किलोमीटर भरतो. आता गुणाकार करा : उत्तर-दक्षिण २०७ किलोमीटर, पूर्व-पश्चिम २८८. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. पायथागोरसने ३५५ येतात. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब नीट धरला तरी एवढ्या छोट्या अंतराला आकडा हलत नाही.

वैमानिक किलोमीटरमध्ये बोलतात का?

नाही, सागरी मैलात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर, म्हणून त्यांच्या लेखी जळगाव-मुंबई सुमारे १९२ मैल. उद्घोषणेत हा आकडा कानावर पडला तर विमान चुकीच्या गावाला चाललंय असं समजू नका.

विमानाला वेळ किती लागतो?

तिकिटावर साधारण १ तास १० मिनिटे ते १ तास २० मिनिटे लिहिलेलं असतं. पण विमान प्रत्यक्ष हवेत त्याहून कमी वेळ असतं.

या मार्गावर एटीआर ७२ जातीचं पंख्याचं विमान चालतं. ते उंचीवर गेलं की ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास पळतं. नुसता भागाकार केला तर ३५५ ला बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटं. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, मुंबईजवळ रांगेत लागायचं असतं, उतरल्यावर धावपट्टीवरून जागेवर यायचं असतं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे थांबलं तोपर्यंतची असते. एसटीसारखंच समजा : स्टँडच्या फलाटावरून स्टँडच्या फलाटापर्यंत.

जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का लागतो?

दोन कारणं. हिवाळ्यात वरच्या थरात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे मुंबईहून जळगावला येताना तो पाठीशी असतो आणि जाताना तोंडावर. सायकलवर शेताकडे जाताना आणि परतताना जो फरक कळतो, तोच.

दुसरं कारण वाऱ्याहून मोठं आहे : मुंबईची गर्दी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. सगळ्या देशाची विमानं एका दोरीवर उतरायची, तर आपल्या सत्तर माणसांच्या विमानाला कधी कधी वरच घिरट्या माराव्या लागतात. खाली कळसूबाई दिसतं आणि पंधरा मिनिटांनी परत कळसूबाईच दिसतं, तेव्हा काय चाललंय ते ओळखायचं. जळगावला येताना ही भानगड नाही. आपल्या विमानतळावर रांग लावायला दुसरं विमान असलं तर तीच बातमी.

बरं, पण घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत किती?

खरा प्रश्न हा आहे. फोनवर हा कोणी विचारत नाही, परत आल्यावर मात्र सगळे याच्यावरून भांडतात.

विमानतळ गावापासून सहा-सात किलोमीटर, संभाजीनगर रस्त्यावर कुसुंब्याजवळ. घरून निघायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. काउंटर उड्डाणाआधी ४५ ते ६० मिनिटं बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचलेलं बरं. उड्डाणाचा सव्वा तास. मुंबईत पट्ट्यावर बॅग येऊन बाहेर पडायला अर्धा तास. इथपर्यंत पावणेचार तास झाले आणि तुम्ही अजून विमानतळाच्या दारात टॅक्सी शोधताय.

पुढचा हिशेब तुमचं घर कुठे आहे त्यावर. अंधेरी, पार्ले, सांताक्रूझ असेल तर विमानाला तोड नाही, साडेचार तासांत चहाचा कप हातात. दादर-परळ म्हणाल तर पाच तास. रेल्वेने हाच प्रवास साडेसहा ते साडेसात तासांचा, दोन्हीकडचं येणंजाणं धरून आठ-साडेआठ. म्हणजे तीन तास वाचले.

पण आपले खान्देशी लोक राहतात कुठे? कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. कल्याण सीएसएमटीच्या चोपन्न किलोमीटर अलीकडे आहे आणि आपल्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. जळगाव-कल्याण सुमारे ३६६ किलोमीटर, गाडी सहा तासांच्या आसपास नेते. विमानाने मात्र तुम्ही कल्याणवरून उडत पुढे जाता, सांताक्रूझला उतरता आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून दीड-दोन तास मागे येता. माझ्या मोठ्या भावजींनी हे एकदा केलं. सकाळी त्यांच्याबरोबरच घरातून निघालेला त्यांचा धाकटा भाऊ रेल्वेने आला, आणि भावजी पोचले तेव्हा त्याची आंघोळ उरकली होती. भावजी आजही ते विमान लेट होतं असं सांगतात. नव्हतं.

सगळ्यात लवकर पोचवणारी रेल्वे कोणती?

मुंबई-हजरत निजामुद्दीन राजधानी. ती जळगावला थांबते आणि सव्वापाच-साडेपाच तासांत हे अंतर कापते. पण तिचं तिकीट आणि विमानाचं तिकीट कधी कधी शेजारी शेजारी येतं, तेव्हा दोन्ही बघूनच ठरवा. बाकी रात्रीची विदर्भ एक्सप्रेस आहे, झोपेत मुंबई येते. झोपेचे तास प्रवासात मोजायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी मोजत नाही.

विमान रोज असतं का?

गृहीत धरू नका. वेळापत्रक उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वेगळं असतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलतं. लहान विमानतळांवर आठवड्यातले ठरावीक वारच असतात आणि वारही बदलतात. तिकीट काढण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तारीख टाकून बघा. माझ्या या पानावर किंवा आणखी कुणाच्या पानावर वार लिहिलेले दिसले तरी विश्वास ठेवू नका.

याला इतिहास आहे. कुसुंब्याची धावपट्टी तशी १९७३ची, सार्वजनिक बांधकाम खात्याने केलेली. वर्षानुवर्षं तिथे मंत्र्यांचं विमान उतरलं तर गर्दी व्हायची, एरवी गवत. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, २०१२ मध्ये, आजचा विमानतळ उभा राहिला. तरी नियमित सेवा यायला लहान गावांना विमानाने जोडणारी सरकारची 'उडान' योजना यावी लागली. २०१७च्या डिसेंबरात मुंबईचं विमान सुरू झालं, बंद पडलं. २०१९ मध्ये अहमदाबाद-जळगाव-मुंबई असं पुन्हा सुरू झालं, तेही थांबलं. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबई अशी सेवा आली, तेव्हा लोकांनी पहिल्या काही दिवसांत तिकिटं काढली ती प्रवासापेक्षा विमान खरंच उडतं का ते बघायला.

वारंवार बंद पडण्याचं कोडं फार मोठं नाही. उडान योजनेत कंपनीला निम्म्या जागा ठरवून दिलेल्या कमाल भाड्यात द्याव्या लागतात, आणि त्यातला तोटा सरकार तीन वर्षं भरून देतं. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा अशी अपेक्षा. सत्तर आसनांच्या विमानात रोज पन्नास-साठ माणसं बसली पाहिजेत, आणि बसायची तर विमान वेळेवर व नेमाने आलं पाहिजे. नेम नाही म्हणून माणसं नाहीत, माणसं नाहीत म्हणून नेम नाही.

मोठं जेट विमान जळगावला का येत नाही? ते तर अर्ध्या तासात पोचवेल.

अर्ध्या तासात नाही पोचवणार. एवढ्या कमी अंतरात जेट चढून पूर्ण वेगाला लागतं न लागतं तोच उतरायची तयारी. वाचलेच तर दहा मिनिटं वाचतील.

येत नाही त्याचं कारण धावपट्टी. आपली साधारण पावणेदोन किलोमीटरची आहे. एटीआरला ती भरपूर होते, भरलेल्या दीड-पावणेदोनशे माणसांच्या जेटला दोन किलोमीटरच्या पुढे लागते. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो, आणि उडायला जास्त लांब धाव घ्यावी लागते. पट्टी लांबवता येत नाही, म्हणून वजन कमी करावं लागतं. दुपारच्या विमानात कधी कधी मागे जागा रिकाम्या असून तिकीट 'फुल' दाखवतात, त्यामागे हेही कारण असू शकतं.

जळगाव ते पुणे किती?

सरळ रेषेत सुमारे ३१८ किलोमीटर. विमानाला तिकिटावर तास-सव्वा तास.

इथे मघाचा आकडा आठवा. मुंबईला रेल्वे सरळ रेषेपेक्षा पासष्ट किलोमीटरने लांब आहे. पुण्याला जाताना ती मनमाडला वळते, अहिल्यानगर आणि दौंडला वळसा घालते आणि सुमारे ४७० किलोमीटर होतात. दीडशे किलोमीटरचा फेरा! रस्त्याने संभाजीनगरमार्गे चारशेच्या आसपास, रात्रीची ट्रॅव्हल्स आठ-नऊ तास घेते आणि अजिंठ्याच्या घाटात झोप मोडते. त्यामुळे माझं मत विचाराल तर जळगावच्या माणसाला विमानाचा खरा फायदा मुंबईपेक्षा पुण्याला आहे. कंपन्यांत नोकरी करणारी आपली निम्मी पोरं खराडी, विमाननगर, हिंजवडीत आहेत, आणि त्यातली दोन ठिकाणं तर लोहगाव विमानतळाच्या उंबऱ्याशी.

लोहगाव मुळात हवाई दलाचं ठिकाण आहे, म्हणून नागरी विमानांना तिथे हवी ती वेळ मिळतेच असं नाही. अडचणीच्या वेळेचं विमान दिसलं तर त्याचा राग कंपनीवर पूर्ण काढू नका.

गोवा, हैदराबाद, अहमदाबाद, दिल्ली?

सरळ रेषेत गोव्याचं मोपा सुमारे ६०८ किलोमीटर, हैदराबाद ५०६, अहमदाबाद ३८७, दिल्ली ८५४. गोव्याला एटीआरने पावणेदोन तासांच्या आसपास, हैदराबादला दीड. यातल्या कुठल्या गावाला आज थेट विमान आहे ते वर सांगितलं तसं स्वतः बघा. गोव्याला रेल्वेने जायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून तिथे विमान असेल तर डोळे झाकून घ्या.

आम्ही धुळ्याचे. जळगावला येऊन विमान धरावं का?

मुंबईसाठी तर मुळीच नको. धुळे-जळगाव नव्वदेक किलोमीटर तुम्ही उलट्या दिशेने येणार, तेवढ्यात मुंबईच्या वाटेवर मालेगावच्या पुढे गेला असता. धुळ्याहून मुंबई रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्ग सरळ नेतो.

दिल्ली-बंगळूरसारख्या लांबच्या प्रवासाला मात्र नाशिकचं ओझर विमानतळ बघा. ते याच महामार्गावर नाशिकच्या अलीकडे आहे, धुळ्याहून एकशेचाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर. इंदूरही एक पर्याय आहे, पण २६० किलोमीटर आणि मध्ये सातपुडा. मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग धुळ्यावरून जाणार आहे, ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तो झाला की हे उत्तर बदलेन.

धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरजवळ तांडे गावालाही आहे. तिथून आकाशात दिसणारी छोटी विमानं वैमानिक होणाऱ्या पोरांची असतात. त्यांचं तिकीट मिळत नाही, हे मला दोनदा सांगावं लागलं आहे.

आणि नंदुरबार?

तुमचं विमानतळ सुरत. रेल्वेने एकशेसाठ किलोमीटरच्या आसपास. जळगाव त्याहून लांब नाही, पण सुरतेहून विमानं कितीतरी जास्त.

जळगाव ते सुरत विमान का नाही?

कारण गरज नाही. सरळ रेषेत ३०० किलोमीटर आणि ताप्ती लाइनने सुमारे ३१०. तापीच्या खोऱ्याने रेल्वेला जवळजवळ फूटपट्टीच दिली आहे : धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, उधना. विमानाला कापायला कोपराच उरत नाही. शिवाय आपली माणसं लिंबायत, दिंडोली आणि उधन्यात राहतात, गाडी उधन्याला थांबते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या पोरींची गर्दी या लाइनवर बघा, मग कळेल की खान्देशची खरी विमानसेवा कोणती.

खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

एटीआरचे पंख छपराला असतात, त्यामुळे कुठूनही खाली दिसतं. पंखाखालच्या रांगेत मात्र पंखा आणि चाक आडवं येतं, मागच्या रांगा बऱ्या. चढायचं दारही मागेच असतं.

जळगावहून मुंबईला जाताना उजवीकडे गिरणा धरणाचं पाणी, मालेगावकडचा मुलूख आणि पुढे नाशिकची बाजू येते. डावीकडे अजिंठ्याच्या डोंगराची कड, मग भंडारदरा आणि कळसूबाई. संध्याकाळच्या विमानाला उजवीकडे ऊन डोळ्यावर येतं. मी डावीकडची घेतो. पावसाळा संपता संपता, सप्टेंबरच्या शेवटी, पांढऱ्या ढगांच्या फटीतून कळसूबाईचं टोक दिसलं होतं, १६४६ मीटरचं, आणि ज्या डोंगरावर चढताना मला चार वेळा बसावं लागलं होतं तो पाटावरच्या उंडीएवढा दिसत होता. विमान नेहमी याच रेषेने नेतील असं नाही, मुंबईच्या गर्दीप्रमाणे वळवतात.

सोबत काय नेता येतं? लोणचं, बिबडे, केळी?

आपल्याकडून रिकाम्या हाताने कोणी जात नाही, त्यामुळे हा प्रश्न वेळेपेक्षा जास्त वेळा येतो. देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलो बॅगेत आणि ७ किलो हातात. लहान विमानात हातातली बॅगही लहान हवी, वरचे कप्पे एसटीच्या रॅकपेक्षा फार मोठे नसतात.

लोणचं, तेलकट चटणी आणि लाल तिखट हातात नेऊ देत नाहीत, ते मोठ्या बॅगेत टाका. बरणीला पिशवी, पिशवीला आणखी एक पिशवी. बिबडे आणि पापड उलट हातात घ्या, मोठ्या बॅगेत घातले तर मुंबईत चुरा खावा लागेल. भरताची वांगी चालतात, कुठेही टाका. केळी चालतात, पण मोठ्या बॅगेत नको, कपड्यांची शिकरण होते. सुकं खोबरं मात्र कुठेच चालत नाही, त्यात तेल असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरलं जातं. लग्नाच्या ओटीतल्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवाव्या लागल्या म्हणून आमच्या काकू सुरक्षा तपासणीच्या मुलीशी पाच मिनिटं वाद घालत होत्या. मुलगी हरली नाही. पॉवर बँक हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही.

विमान रद्द झालं तर?

एकदा नवरात्रात आत्याला दवाखान्याच्या कामासाठी मुंबईला जायचं होतं. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर दोन ओळी आल्या, विमान रद्द, कारण 'ऑपरेशनल'. तत्काळचा कोटा केव्हाच संपलेला. शेवटी ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर तिला चढवलं, वय अडुसष्ट. परतावा नवव्या दिवशी आला. भरपाई मागायची असते हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

आता माहीत आहे, म्हणून लिहितो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा : रद्द करणार असतील तर दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा. त्यानंतर पण २४ तासांच्या आधी कळवलं तरी दुसरं विमान किंवा परतावा यांतली निवड तुमची. त्याहून उशिरा कळवलं तर परताव्याशिवाय भरपाईही लागू होते. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. वादळ, धुकं, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. उशीर दोन तासांच्या पुढे गेला की आपल्यासारख्या छोट्या उड्डाणाला खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे.

मागताना 'कारण लेखी द्या' एवढंच म्हणा, आवाज न चढवता. आणि दवाखाना, परीक्षा, कोर्टाची तारीख असेल तर एक दिवस आधीचं विमान धरा किंवा सरळ रेल्वेने जा. यात माझं मत बदलणार नाही.

आई-बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. त्यांना काय सांगू?

मूळ आधारकार्ड बरोबर द्या. तिकिटावर नाव आधारवर आहे तसंच हवं, घरात सगळे 'नानी' म्हणतात म्हणून नानी लिहू नका. चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, जळगावपेक्षा ती मुंबईत उपयोगी पडते, तिथे बाहेर येईपर्यंत अर्धा कोस चालणं होतं. विमान चढताना-उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा गोळी चघळायची किंवा आवंढा गिळायचा. पंख्यांचा आवाज मोठा असतो, तो बिघाडाचा नसतो. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून विमान हेलकावे खातं, रावेरच्या रस्त्यापेक्षा कमीच. सकाळचं विमान मिळालं तर हेही टळतं.

तिकीट कधी काढावं?

विमानाचं भाडं जागा भरतील तसं चढतं, म्हणून दिवस पक्का झाला की काढा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. खान्देशात मात्र कॅलेंडर आधी बघायचं : आखाजी, दिवाळी आणि श्रावणातली कानबाई. कानबाईच्या रोटांना भाऊबंद जिथे असतील तिथून गावी येतात, त्या रविवारच्या आगेमागे ना विमानात जागा ना गाडीत. नागपंचमी कधी आहे ते पाहा आणि त्याच्या दोन महिने आधी मोबाइलवर गजर लावा.

जळगाव आणि मुंबईच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही. सूर्याच्या हिशेबाने आहे : जळगाव पावणेतीन अंश पूर्वेला, आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडे ऊन सरासरी अकरा मिनिटं आधी डोक्यावर येतं. मे महिन्यात ती अकरा मिनिटं जाणवतात.

जळगाव विमानतळाचा कोड काय टाकायचा?

जेएलजी. शेवटचं अक्षर 'जी' आहे याची खात्री करून मगच पैसे भरा. जेएलआर म्हणजे जबलपूर, आणि ते तिकीट माझ्या मावसभावाकडे अजून जपून ठेवलेलं आहे.